ताईच्या डोक्यातला गंज

४ मार्च, सकाळी
आजपासून मी शास्त्रज्ञ. कागदावर लॅबमधला बाटल्या धुणारा आहे, पण कागदाचं काय एवढं! मी फरशी पुसत होतो, तेव्हा लॅबच्या मॅडमनी सगळं समजावलं. मेंदूतल्या गाठीच्या पेशींना आतून गंज चढत असतो. पण गाठ बेरकी. गंज पुसायला तिने नोकर ठेवलेत. आरएनएचा एक बारका तुकडा आत सोडला की नोकरांना सुट्टी. गाठ गंजून मरते. एका फटक्यात कळलं. आठवीत मला उगाच नापास केलं.

९ मार्च
दाजींचा फोन. ताईच्या डोक्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, आठ दिवसांत ऑपरेशन. दाजी म्हणाले, तू एवढ्या मोठ्या लॅबमध्ये आहेस, तूच सांग. घरात आजवर मला भाजी कुठली करू हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. म्हणालो, थांबा. कापाकापी नको. औषध आमच्याकडेच बनतं. ताई रडायला लागली. आनंदानेच.

१२ मार्च
मॅडमकडे औषध मागायचं राहिलं. बाटल्या फार होत्या. उद्या नक्की.

१७ मार्च
मागितलं. मॅडम म्हणाल्या, वेडा आहेस का? हे अजून काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललंय. माणसापर्यंत यायला दहा वर्षं, तीही आलं तर. बहिणीचं ऑपरेशन आजच्या आज करायला सांग.
मोठी माणसं स्वतःची टिमकी वाजवत नाहीत, ती अशी. दाजींना कळवलं नाही. उगाच घाबरतील.

१८ मार्च, जेवणाच्या सुट्टीत
फ्रीजरमधून मॅडमची औषधाची नळी काढली. वितळल्यावर पाण्यासारखंच दिसतं. बोट बुडवून पाहिलं. अर्धं बाटलीत ओतलं, पाणी घालून वाढवलं, दाजींना पार्सल केलं. नळीही पाण्याने पुन्हा भरून ठेवली. कुणाचं नुकसान नको.

२६ मार्च
मॅडमचा प्रयोग फसला. आरएनएचा पार भुगा. म्हणाल्या, कुणीतरी उघड्या हाताने शिवलंय, कातडीवरच आरएनए खाणारं काहीतरी असतं. सगळ्यांवर ओरडल्या. मी म्हणालो, फ्रीजर जुना झालाय.
ताईच्या बाटलीला काही होणार नाही. तिच्यात मी जीव ओतलाय.

३ एप्रिल
दाजी म्हणाले, रोज चार थेंब देतोय, पण तिला डाव्या डोळ्याने दिसेनासं झालंय. म्हणालो, अहो, गाठीला गंज चढतोय! गुण येतोय.

११ एप्रिल
दाजी दबक्या आवाजात म्हणाले, डॉक्टर म्हणतात वेळ गेली, आता कापण्यात अर्थ नाही. तुझ्या मॅडम काय म्हणतात? म्हणालो, मॅडम खूश आहेत.
मग ताईने फोन घेतला. जीभ जड झालीये तिची. म्हणाली, ऐकलंस का रे, आता डॉक्टरसुद्धा ऑपरेशन नको म्हणतात. तुझंच खरं निघालं.
म्हणालो, सांगत होतो ना.