कपाटातले अकरा दगड

सर, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली नाही असं नाही, पण आली की मी उठून दुसरं काहीतरी काम काढायची. आज मात्र लिहायला बसले आहे, कारण गेल्या हिवाळ्यात तुम्ही मला पुन्हा गाठलंत आणि माझ्या कामावर पाणी फिरवलंत. जिवंतपणी ते तुम्हाला छान जमायचं. मेल्यावरही जमावं, याची कमाल वाटली.

तुमची पुरातत्त्वाची शिकवण पाठ आहे मला. "दगड नेमका कुठे सापडला हे माहीत नसेल, तर तो नुसता दगड. घरी न्या आणि त्यावर मिरची वाटा." दर वर्षी नव्या मुलांना हे ऐकवायचात, दर वर्षी तिथेच थांबायचात आणि आम्ही हसायची वाट बघायचात. आम्ही उन्हात रांगेने चालायचो, दोघांत पाच पावलांचं अंतर, नजर जमिनीवर, काही दिसलं की तिथे लाल झेंडी रोवायची. आणि तुम्ही झाडाखाली घडीच्या खुर्चीवर थर्मास उघडून बसलेले. राखीव सरकारी जमिनीवरून खडासुद्धा हलवायचा नाही, हा तुमचा दंडक. माझ्या वर्गातल्या एकीने एक गारगोटी पिशवीत टाकली, तर तुम्ही सगळ्यांसमोर तिची पिशवी उपडी केलीत. तिचा डबा, रुमाल, सगळं मातीत. ती रडली. तुम्ही चहा प्यायलात.

आणि तुमच्या सदाशिव पेठेतल्या घरी, बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात अकरा हातकुऱ्हाडी! आदिमानवाने दोन्ही बाजूंनी घडवलेले, तळहाताएवढे, सुरेख दगड. लांबच्या एका नदीकाठी सरकारी कामावर असताना गुपचूप उचलून आणलेले. कुठल्या जागेवरून कुठला, याची चिठ्ठी एकाच्याही खाली नाही. पाहुणे आले की एकेक काढून दाखवायचात. दर शनिवारी ते दगड पुसायला मी. नाव घेऊन हाक मारायला माझं नाव तुमच्या जिभेवर कधी बसलंच नाही. खडकीहून यायची म्हणून मी "अहो खडकी". अहो खडकी, पाणी आणा. अहो खडकी, मंडईतून मेथी आणा. केवढा तो आदर! अहो म्हणायचात ना.

एका शनिवारी सगळ्यात मोठी कुऱ्हाड माझ्या हातून निसटते. टोकाचा टवका फरशीवर. तुम्ही वर्तमानपत्र खाली ठेवता, घडी घालता आणि म्हणता, "अहो खडकी, फोडाफोडी तुमच्या वडिलांच्या कारखान्यात. इथे नव्हे." माझे अब्बा दारूगोळा कारखान्यात कामाला होते, सर, आणि त्यांच्या हातून उभ्या जन्मात कपही फुटला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. काकू पोह्यांना फोडणी देत होत्या. "मनाला लावून घेऊ नकोस गं," त्या म्हणाल्या, "मला तर हातही लावू देत नाहीत. दगड कसले, पोटची पोरं आहेत." बाहेर तुम्ही तो टवका गोंदाने चिकटवत होतात. तोही वाकडा चिकटवलात. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तुमचं जुनं होकायंत्र भेट दिलंत, तेही असंच; सुई अडकायची, डबी आपटल्याशिवाय उत्तर दाखवायची नाही. देणाऱ्याने निदान आपटून बघावं.

आता गेल्या हिवाळ्याचं. शहराबाहेरची वनखात्याची राखीव टेकडी, तिच्या एका उतारावरून रस्ता काढायचं घाटत होतं. त्याआधी उतार तपासून द्यायचं काम माझ्याकडे आलं. जुनं काही सापडलं तर रस्ता दुसरीकडून जाणार, नाही तर इथूनच. सहा जणांची तुकडी, मी धरून. सोबत पलीकडच्या गावचा एक वनरक्षक. परवानगीच्या अटी तुमच्याच तोंडच्या वाटाव्यात अशा: बघा, मोजा, फोटो काढा, जिथल्या तिथे ठेवा. मी खुर्ची नेत नाही, सर. मी रांगेत चालते.

तिसऱ्या आठवड्यात टोकाला चालणारी मुलगी किंचाळलीच. हातकुऱ्हाड! मग चार पावलांवर दुसरी, मग तिसरी. दुपारपर्यंत अकरा लाल झेंड्या. पोरं नाचायची बाकी होती. वनरक्षक सकाळपासून "म्याडम, हितं दगडाबिगर काय हाय?" म्हणून चेष्टा करत होता, तोही वाकून बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी आता रस्ता न्हाई ना हितनं?" त्या उतारावरची झाडं त्याने पाण्याचे डबे वाहून जगवली होती. मी म्हटलं, "बघू." खरं सांगते, मीही झेंड्या दोनदा मोजल्या. तीस वर्षं चालले होते, असं कधी पायाखाली आलं नव्हतं.

पण मोजायला बसले आणि मन खायला लागलं. त्या जातीचा खडक त्या टेकडीवर नाहीच. टोकाला चालणाऱ्या त्या मुलीने पहिला दगड उचलला, तर खाली शाम्पूची पुडी, रंग न उडालेली. आदिमानव केस धूत होता म्हणायचं! मग सगळ्यात मोठा दगड हातात घेतला. टोकापाशी पिवळी पडलेली गोंदाची रेघ. टवका वाकडा.

मी तिथेच मोठ्याने हसले. पोरांना वाटलं ऊन लागलं.

संध्याकाळी तडक काकूंकडे गेले. त्या आता विश्रांतवाडीला मुलीकडे असतात. कपाटातल्या दगडांचं काय झालं, मी विचारलं. "अगं, शेवटच्या वर्षी घेऊन जायचे की! दर गुरुवारी रिक्षा करून टेकडीवर. पिशवी जाताना जड, येताना रिकामी. मी म्हटलं, बरं झालं, डबे ठेवायला जागा झाली." मग म्हणाल्या, "पण त्या रात्री छान झोप लागायची हो त्यांना."

झोप लागायची! वा, सर. चोरी केलीत नदीकाठी आणि परत केलीत कुठे, तर जिथवर रिक्षा जाते तिथे. नदीकाठी न्यायचे तर दीड दिवसाची एसटी, धूळ, गुडघे. त्यापेक्षा ही टेकडी बरी. पश्चात्तापसुद्धा तुम्ही सावलीत बसूनच केलात. माझ्याकडे दिले असते, तर नुसते दगड म्हणून वर्गात ठेवले असते, मुलं धार बघायला शिकली असती. पण मग "अहो खडकी"समोर मान खाली घालावी लागली असती ना.

दुसऱ्या दिवशी उतारावरच तुकडीला सांगितलं, हे दगड कुणीतरी आणून टाकलेत, अहवालात पुरावा म्हणून धरायचे नाहीत. ती मुलगी माझ्या मागेमागे आली. "मॅम, प्लीज. कोणाला कळणारे?"

"मला कळलंय."

"पण मग रस्ता होणार! झाडं जाणार, सगळं जाणार. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

वाटत होतं, डोंबल वाटत नाही! एक शब्द न काढता सही केली असती तर उतार वाचला असता. पण मग मी काय, तुमचं काचेचं कपाटच झाले असते, फक्त टेकडीएवढं मोठं. आणि सगळ्यात वाईट तर पुढेच आहे. त्याच उतारावर, खालच्या अंगाला, आम्हाला गारगोटीच्या दोन बारीक कपच्या सापडल्या होत्या. नखाएवढ्या, मातीत घट्ट रुतलेल्या, माझ्या मते अस्सल, आदिमानवाच्या हातच्या. वरिष्ठांच्या बैठकीत मी त्यांच्यासाठी जीव तोडून भांडले. समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, अकरा कुणी आणून टाकले म्हणता, मग या दोन टाकल्या नसतील कशावरून?" मी कपच्यांचे फोटो पुन्हा पुढे सरकवले. खऱ्या होत्या हो त्या. तुमच्या खोट्यांनी त्या खऱ्याही मारल्या.

उन्हाळ्यात जेसीबी आलं. मी गेले नाही बघायला. वनरक्षकाचा फोन आला होता, "संपलं, म्याडम," एवढंच म्हणाला. ती मुलगी आता माझ्याकडे काम करत नाही. तिला मी दोष देत नाही, सगळा तुम्हाला देते.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या घराच्या जागी सहा मजली इमारत आहे, आणि काकूंना वाचून दाखवायला मी तितकी दुष्ट नाही. फाडीन किंवा राहील पडून. पण एक सांगायचं राहिलं. अहवालात मी नियमाप्रमाणे लिहिलं, की हे दगड अलीकडच्या काळात बाहेरून आणून टाकलेले आहेत. पुढे रकाना होता, कोणी. त्यात तुमचं नाव लिहायला बसले होते, हुद्द्यासकट, ठसठशीत अक्षरात. लिहिलं, "अज्ञात व्यक्ती." काकूंसाठी लिहिलं असं स्वतःला सांगून बघितलं, पण काकू कुठे अहवाल वाचतात? त्या अख्ख्या अहवालात तेवढी एकच ओळ खोटी आहे, सर, आणि ती मी तुमच्यासाठी लिहिली.