गादीवाल्याचा भोंगा आणि मामाजींचा बाँड

नागपूर, २१ ऑगस्ट २०२५

आदरणीय धोंडबा मामाजींना,
प्रीतीचा कडक जयभीम.

फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर अन् मामी कायम बाजूले. म्हणून पत्र. स्पेलिंग सांभाळून घ्या, कॉन्व्हेंटची मेहरबानी आहे.

मामाजी, मी लॉच्या सेकंड इयरले, अन् ज्यांच्याकडं काम शिकायले जाते त्या वकील सरांनी पहिली फाइल दिली ती तुमचीच! एक्साइटमेंट लपवता येऊन नाही राहिली, सॉरी.

मामला सीरियस आहे. मागच्या वर्षी तुम्ही गोपाळराव गादीवाल्याचा भोंगा दगडानं फोडला. माणूस गाद्या विकते अन् भोंगा लावून कोणाले झोपू देत नाही, हे मलेही पटते. कोर्टानं पहिला गुन्हा म्हणून जेलऐवजी चांगल्या वागणुकीचा बाँड दिला, वर प्रोबेशनवाल्या साहेबांची दर महिन्याले घरी चक्कर. आता रविवारी, १७ तारखेले दुपारी एक वाजता, नवीन भोंगाही फुटला. फोडणारा कोणाले दिसला नाही, पण गोपाळरावनं तुमचंच नाव लिहून दिलं. ८ सप्टेंबरले तारीख आहे. जजसाहेबांना पटलं तर बाँड रद्द, अन् जुन्या केसचे तीन महिने आत.

फक्त एवढं सांगा, एक वाजता होते कुठे?

लोभ असू द्या, दगड नको.
तुमची प्रीती


पारशिवनी, २४ ऑगस्ट

चि. प्रीतीले मामाचा जयभीम अन् आशीर्वाद.

भोंगा म्या नाही फोडला. पण कुठं होतो, हे विचारू नको वं. जेलमंदी जाईन, पण सांगणार नाही. माणसाले काही इज्जत असते. यंदा वर्षावासात विहारात रोज सांजच्याले मीच ग्रंथ वाचून राहिलो. तीन महिने मटण-मच्छी बंद म्हणून पौर्णिमेले माइकवरून साऱ्या वस्तीले हात वर करायले लावले. समितीचा अध्यक्ष आहो मी.

एक गोष्ट समजून नाही राहिली. तुही मामी भांडतच नाही. रोज भजे तळते, पाय दाबून देते. मले जेलपेक्षा त्याचंच भेव वाटून राहिलं.

जीव लावतेच तू, आता तोंडालेही कुलूप लाव.
तुहा मामा


नागपूर, २८ ऑगस्ट

आदरणीय मामाजी, जयभीम!

सापडले तुम्ही! माझ्या क्लासमधल्या रोहितनं व्हिडिओ पाठवला. नागपुरातलं सावजी भोजनालय, सगळ्यात तिखट मटण रस्स्याची शर्यत, तिसरी प्लेट, डोळ्यातून धारा, नाकातून धारा, अन् विजेते म्हणून माझे मामाजी! लाइव्ह होतं ते. १७ ऑगस्ट, दुपारी १ वाजून ५ मिनिटं. पारशिवनीचा भोंगा इथं बसून कोण फोडणार? केस खल्लास!

पण हे कोर्टात दाखवलं की मामीले अन् विहारातल्या सगळ्यांना कळणारच. तुम्हीच आधी सांगून टाका. तीन महिने जेलपेक्षा तीन दिवस शिव्या बऱ्या. पत्र वाचून फाडा.

माया ठेवा, रस्सा सोडा.
तुमची वकील (होणारी) प्रीती


पारशिवनी, १ सप्टेंबर

प्रीती पोरी, मामीचा जयभीम.

तुहं पत्र पोस्टमननं माह्या हातात देल्लं. फाडलं नाही. दोनदा वाचलं.

भोंगा म्या फोडला. वरवंट्यानं. तुहा मामा सकाळीच समितीच्या कामाले म्हणून गेलता, घरात कधी नाही ते शांत होतं. जरासा डोळा लागला तर सुरू झालं मेल्याचं, गादी घ्या, झोप घ्या! मामाचं नाव आलं तवा मीच सांगणार होती. पण हा चूप. कुठं होतो म्हणून एक शब्द नाही. मले वाटलं, याले समजलं, अन् माह्यासाठी जेलमंदी जाऊन राहिला माणूस. तीस वर्षांत पह्यल्यांदा रडू आलं मले. पंधरा दिवस भजे तळले. पाय दाबले!

अन् हा मटणासाठी चूप होता.

काल विहारात त्याच माइकवर त्याले सगळं कबूल करायले लावलं. वस्ती पोट धरून हासली. आता आठ तारखेले मीही येतो, जजसाहेबाले खरं सांगतो. पहिल्या गुन्ह्याले बाँड भेटते म्हणते ना? मग माह्या नावाचाही कागद तयार ठेव. प्रोबेशनवाले साहेब महिन्याले येतेच, एकाच चहात दोघाईले पाहून जातीन.

तुह्यावरची माया होती तशीच आहे. भजे मात्र बंद.
तुही मामी, भीमाबाई