पाहुणा आणि भुंगा

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न.

फोनवर तुझ्या मुलाचं नाव काढायची सोय नाही, भाऊजी शेजारीच असतात, म्हणून पत्र. आधी घोटभर पाणी पी. पोरगा जिवंत आहे.

माझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक खेळ चालतो, तू ज्याला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतेस तोच. लांबलांबची माणसं इंटरनेटवरून त्यात येतात. प्रत्येकाला एक गाडी. ती थांबत नाही आणि मागे उजेडाची भिंत सोडत जाते. भिंतीला धडकला तो मेला, शेवटी उरला तो जिंकला. वेग, रंग, भिंतीची लांबी, सगळं मैदानाच्या मालकाच्या हातात. हे मैदान आम्ही मामा-भाच्यांनीच मिळून बसवलं होतं. काल दुपारी त्यात ‘भुंगा’ आला. नाव त्याचं, आणि दुसऱ्याच्या भिंतीला घासून वळायची खोडही त्याचीच.

मी हाक मारली नाही. मागच्या वेळी तो मित्राच्या खोलीवर सापडला, तर आपण जीप भरून गेलो आणि सगळ्या गल्लीदेखत त्याला उचलून आणलं. म्हणून तर तो पुन्हा गेला. इंटरनेटवाल्या ओळखीच्याला विचारलं तर पत्ता निघेल. काढू का?

लोभ आहेच, या वेळी थोडा धीरही धर.

धाकटा

दि. ८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, ताईचे अ. आ.

विचारतोस काय, काढ! पत्ता मिळाला की मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघेन. हे रोज पेपर माझ्याआधी वाचतात आणि अपघातांचं पान काढून लपवतात. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत.

तोवर मला तो खेळ शिकव. त्याच्या खोलीतला कॉम्प्युटर पुसून ठेवला आहे. हसू नकोस. बोलणार नाही, नुसती बघेन.

ताई

दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

डावं बटण डावीकडे, उजवं उजवीकडे, एवढंच शिक्षण. तुझं नाव ‘पाहुणा’ ठेवलंय. तुझ्यासाठी वेग कमी केला, तर मालक म्हातारा झाला म्हणून पोरं ओरडतायत. भुंगा दुपारी येतो. खाली लिहायची पट्टी आहे, तिला हात लावू नकोस. एक तर लिहायला बटणं सोडलीस की गाडी सरळ भिंतीत. आणि दुसरं कारण तुला ठाऊक आहे.

तुझा शिक्षक, धाकटा

दि. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

वाचून मला हव्या तेवढ्या शिव्या घाल.

मैदानात शिरले आणि वाटलं, हे तर माझं शिवणयंत्रच. सुई पुढे, टाके मागे. टेबलाखाली पाय आपोआप हलत होता. पडदे शिवणाऱ्या बाईला सरळ जाता येतं, वळता येत नाही. सगळ्यांत आधी मीच मरायचे. मेल्यावर बाकीच्यांचा खेळ बघत बसता येतं, हे कळलं. मग मुद्दाम लवकर मरायला लागले. त्याची हिरवी रेघ हलते आहे, म्हणजे त्याची बोटं हलताहेत. एवढ्यावर दिवस निघायचा.

काल मैदान मोकळं असतानाही तो भिंतींना धडकत होता. लहानपणी ताप असला की असाच भेलकांडायचा. मला राहवलं नाही. पट्टीत लिहिलं, जेवलास का. लिहितालिहिता माझी गाडी भिंतीत गेली. पोरं हसली, एकानं ‘नाही, डबा पाठवा’ असं लिहिलं. हिरवी रेघ मात्र तिथेच तुटली. भुंगा गेला. आज आलाच नाही.

अरे, उरलेला एक धागा मी माझ्या हातानं तोडला. पत्ता मिळाला का? मिळाला का रे?

ताई

दि. २ मार्च

ती. ताईस, सा. न.

भुंगा आला नाही. खोटं लिहिणार होतो, हात धजावला नाही.

पत्ता मिळाला. कारखान्यामागच्या खोल्यांची रांग आहे. जीप सांगून ठेवलीय. तू हो म्हण, भाऊजींना घेऊन निघतो. पोरगा रागावला तर रागावू दे, शिव्या देऊ दे, डोळ्यांना तर दिसेल.

उत्तराची वाट बघणारा,
धाकटा

दि. ७ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

जीप रद्द कर.

काल दुपारी नाव नसलेली एक राखाडी गाडी आली. एका भिंतीला घासून वळली आणि मी ओळखलं. ती माझ्या बाजूला आली. मला वाटलं, आता कापणार. पण ती तशीच माझ्या जोडीनं चालत राहिली, बाकीच्या गाड्या यायच्या त्या बाजूनं. रस्त्यावर मी त्याला नेहमी आतल्या बाजूला ठेवायचे. काल त्यानं मला ठेवलं.

मग पट्टीत एकच शब्द उमटला, जेवलो म्हणून. लिहायला हात सोडला की मरण ठरलेलं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी त्यानं हात सोडला. गाडी फुटली आणि तो गेला.

खरंच जेवला असेल का? उपाशी असला तरी जेवलो म्हणायची त्याची सवय. रात्रभर हेच डोक्यात. यांना सगळं सांगितलं. आज पेपरात अपघातांचं पान होतं.

पत्ता तुझ्याजवळच ठेव. मी रडले, पाया पडले, तरी सांगू नकोस. कळला तर मी निघेन. आपण गेलो तर तो हेही मैदान सोडेल, मग मी विचारू कुठे?

दुकान बंद असलं तरी ते मशीन बंद करू नकोस. आणि वेग अजून कमी करता येतो का बघ. पोरं ओरडली तर ओरडू देत. त्याला दोन शब्द लिहिता येतील, एवढाच कमी.

तुझ्या लोभावर जगणारी,
ताई