खिडकीतल्या बाटल्या

धाकट्या,

मी कामावर निघते आहे. तू उठेपर्यंत थांबता आलं नाही. गीझर बंद केला आहे, भाजी फ्रीजमध्ये आहे.

आज जेवताना आई तुला बाबांची बिअर देईल. त्यांनी घरी केलेली ही शेवटचीच. तपकिरी बाटल्या संपल्या म्हणून त्यांनी ती पारदर्शक बाटल्यांत भरली आणि जुन्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवली होती. ते गेल्यावर आईने खोली आवरली, बाटल्या पुसून लख्ख केल्या आणि भर उन्हाच्या खिडकीत मांडल्या. “ते गेले, त्यांची मेहनत तरी चारचौघांना दिसू दे,” म्हणाली.

बाबा सांगायचे ते तुला आठवत असेल. ज्या फुलांमुळे बिअर कडवट होते, त्यांचं सत्त्व उजेडाने मोडतं आणि जळक्या रबरासारखा वास सुटतो. तपकिरी काच तो उजेड अडवते, पारदर्शक काच अडवत नाही. हे आपल्याला पाठ होतं. आईला सांगायचं कुणालाच सुचलं नाही, कारण त्या कपाटाला ती कधी हात लावत नसे.

काल तिने मला ग्लास भरून दिला. वास आला, तरी मी प्यायले.

“त्यांच्याच हातची चव आहे ना गं?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

तुझं नाक तिखट आहे आणि जीभ त्याहून. आज दोन्ही आवर. खिडकीचा पडदाही ओढू नकोस. आता त्याचा उपयोग नाही, आणि का ओढलास, असं ती विचारेल.

— ताई