देवदत्तचं मोठं मन

बोरिवली, ८ फेब्रुवारी २०२५

ती. शुभामावशीस कोपरापासून सा. न. वि. वि.

मावशी, मला डोळे आले. साथीचे नव्हेत, खरेखुरे! तरी हे पत्र आपल्या ब्रेलमध्येच टोचतेय, कारण फोनवरचं सगळं आई वाचते आणि ठिपके तिला वाचता येत नाहीत.

ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा आई-बाबा नवे कपडे घालून, देवदत्त गुच्छ घेऊन आणि त्याचा मित्र मोबाइल सरसावून उभे होते. मी आधी कोणाकडे बघणार यावरून आई-बाबांचं आदल्या दिवशीच भांडण झालेलं. मला दिसले ते नुसते डाग. त्यातल्या सर्वांत शांत डागाकडे बघून मी हसले. सगळे रडले. तो सलाइनचा स्टँड होता. देवदत्तने खाकरून आपण इकडे असल्याचं कळवलं आणि सगळं पुन्हा शूट केलं.

अजून काही ओळखू येत नाही गं. काल सावलीला पायरी समजून तिच्यावरून उडी मारली. चमचा बघून कळत नाही, हातात घेतला की लगेच कळतो. जिना डोळे मिटून उतरते. बाबा रोज विचारतात, छान वाटतं ना? मी छान म्हणते. खरं तर सगळं जग डोळ्यांना येऊन चिकटल्यासारखं वाटतं. भीती वाटते.

देवदत्तही पूर्वीसारखा नाही. साखरपुडा झाला तेव्हा जो तो त्याला म्हणायचा, जन्मांध मुलगी करतोस, केवढं मोठं मन! आता कोणी म्हणत नाही.

तुझी माया आहे तेवढी राहू दे.
गंधाली


मुलुंड, १७ फेब्रुवारी

चि. गंधालीस आंधळ्या मावशीचे डोळस अ. उ. आ.

तुझा देवदत्त परवा फोनवर होता. पूर्वी गंधाली रस्त्यात हात सोडत नसे, आता एकटीच पुढे जाते आणि खांबावर आपटते, म्हणाला. बँकेचा टेलिफोन सांभाळण्यात माझी हयात गेली, मला आवाज कळतात. त्याचं दुःख आपटण्याचं नव्हतं, पुढे जाण्याचं होतं. मी म्हटलं, जावईबापू, आपटू द्या तिला. मोठ्या मनाला गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून बिचारा उदास झालाय. लगेच काही ठरवू नकोस. मुलगा वाईट नाही, कौतुकाची सवय लागलीय त्याला.

भीती मात्र घरात सांग. छान छान म्हणत बसलीस तर वाट लागेल. आणि पिवळा रंग कसा असतो ते मला समजावू नकोस. साठी उलटली, कुठे अडलं नाही.

तुझीच,
मावशी


बोरिवली, १० मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

अंध मुलीशी लग्न ठरवल्याबद्दल गेल्या आठवड्यात मंडळात देवदत्तचा 'आदर्श युवक' म्हणून सत्कार झाला. कार्यक्रम ऑपरेशनच्या आधीच ठरलेला. हॉलच्या मागच्या खोलीत त्याने मला काळा चष्मा आणि माझी पांढरी काठी दिली. म्हणाला, फक्त आजची संध्याकाळ, यार, कार्यक्रमाच्या पत्रिका छापून झाल्यात. मी विचारलं, आणि लग्नात? तर म्हणाला, बघू.

चष्मा मी त्याच्याच खिशात घातला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा सांगून टाकलं, की ऑपरेशन झालं, दिसायला लागलंय, पण कळत काहीच नाही आणि फार घाबरायला होतं. लगेच अध्यक्षांनी माइक ओढून जाहीर केलं, की देवदत्तरावांच्या प्रेमानेच मुलीला दृष्टी दिली! टाळ्याच टाळ्या. मला वाटलं, आता तरी तो डॉक्टरांचं नाव घेईल. तर दाटल्या आवाजात म्हणाला, मी फक्त निमित्त.

मावशी, त्याचा चेहरा मला अजून वाचता येत नाही. पण साखरपुड्याला तो मला 'हो' म्हणाला होता ना, अगदी तोच आवाज.

परतताना रिक्षात अंगठी काढून दिली. रडला. खरंच रडला गं, मलाही रडू आलं. मग त्याने विचारलं, लोकांना काय सांगू? मी म्हटलं, तुला हवं ते.

त्याने सांगितलंय. मुलीला डोळे आले आणि नजर वर गेली, असं आमची सगळी सोसायटी म्हणते. त्याच्याकडे सांत्वनाला रांग आहे. आई बोलत नाही. बाबांना मात्र आज भीतीचं सांगितलं. ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

रागावली नसशील तर दोन ओळी टोच.
गंधाली


मुलुंड, १८ मार्च

चि. गंधालीस अ. उ. आ.

तुझ्या आईला फोन केला. आता कोण करणार हिच्याशी लग्न, म्हणाली. मी म्हटलं, आता हिला दिसतं, मोठ्या मनाचा माणूस लागणार नाही, साधा चालेल. तिने फोन आपटला. होईल शांत.

तू शनिवारी माझ्याकडे राहायला ये. कोणी विचारणार नाही कसं वाटतं म्हणून. फक्त येताना एक बल्ब घेऊन ये. घरात चालू असलेला एकही नाही, इतकी वर्षं कोणाला लागला नव्हता.

वाट ऐकत आहे.
मावशी