नानांच्या गावी मनू निघाली

प्रिय नाना,

आज देवळातून आलो तो तडक तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही देवाघरी जाऊन तीन वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं तेही ठाऊक नाही. पण मला भीती वाटते आहे, आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही.

आमची लेक मनू नर्स झाली. गुरुवारी ती इंग्लंडला निघते आहे. कुठे, माहीत आहे? तुमच्याच गावात! तिथल्या वृद्धाश्रमात नोकरी लागली. लंडनजवळची जागा मिळत होती, ती सोडून हिने तुमचं ते नदीकाठचं गाव मागून घेतलं.

का नाही घेणार? लहानपणापासून तुमची पत्रं ऐकत आली. तुमचं अक्षर तिला लागत नाही, म्हणून मीच वाचून दाखवायचो. नदीत लोकर धुऊन, विणून ते गाव कसं उभं राहिलं. बाजाराच्या दिवशी दगडी खांबांच्या छपराखाली बायका लोणी आणि अंडी घेऊन कशा बसायच्या. पूर जिथवर चढला तिथे पुलाच्या दगडावर कशी रेघ कोरली आहे. लढाईत गेलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांची नावं वर्षातून एकदा चौकात कशी मोठ्याने वाचतात. "नदी आपल्या गौतमीहून अरुंद, पण मिजास गंगेची," असं तुम्ही लिहिलं होतंत. मनूला ते तोंडपाठ आहे.

आज गाऱ्हाणं घालायला तिला ग्रामदेवतेकडे नेलं. गुरव नारळ हातात घेऊन उभा. "बोला बाळूदादा, काय मागू?"

मी नारळाच्या शेंडीकडे बघत राहिलो.

"देव थांबंल, पन माज्याकडं अजून तीन घरांचे नारळ हायत!"

मनू हसली. "बाबा, व्हिसा तर मिळालाय. आता तिथे फणस मिळू दे म्हणून सांगा!"

"सुखरूप ठेव," एवढंच मी कसंबसं म्हणालो. सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. देवासमोर मला मात्र तुमची, मी कुणालाच वाचून न दाखवलेली एक ओळ आठवली होती.

माझ्या लहानपणी तुमचं पत्र आलं की आजी पडवीत येऊन बसायची, शेजारणी जमायच्या. माझ्या बाबांना, म्हणजे तुमच्या दादांना, जेमतेम सही यायची, म्हणून वाचणारा मी. तुम्ही लिहायचात, 'अकरा वर्षं एकाच बाईकडून पाव घेतो, तिने अजून नाव विचारलं नाही.' आजी रडेल म्हणून मी ते गाळायचो. 'थंडीत चारलाच अंधार पडतो, मग मी भिंतीशी मराठीत बोलतो.' तेही गाळलं. अशा ओळी ओलांडून मी थेट बाजारात जायचो, नाहीतर पुलावर.

मग मी दहावीत असताना ते पत्र आलं. शेवटी तुम्ही लिहिलं होतंत, 'आई, दादा, एकदा नुसतं ये म्हणा. सगळं सोडून येतो.'

ते मी वाचलंच नाही, नाना!

आजीसाठी? नाही. देवाला फसवता येत नाही, आता तुम्हालाही फसवणार नाही. तुम्ही आलात तर पत्रं थांबतील, ते गाव संपेल, म्हणून मी गप्प बसलो. उत्तरात लिहिलं, 'इकडे सर्व क्षेम. पुढच्या पत्रात चर्चच्या घंटांविषयी लिहा.' तुम्ही लिहिलंत. चार पानं लिहिलीत! पण पुन्हा कधी यायचं नाव काढलं नाहीत. काय वाटलं असेल तुम्हाला? आईलाच आपण नको झालो? आणि आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली, "त्याला तिथंच बरं वाटतंय, वाटू दे."

आता मनू त्याच चौकात उभी राहणार. चारला अंधार होणार. फोनवर ती मला काय सांगेल? बाजार सांगेल, पूल सांगेल. चांगलं तेवढंच सांगायचं, हे ती माझ्याकडूनच शिकली आहे. ती 'मजेत आहे' म्हणेल तेव्हा तिने काय गाळलं, हे मला कसं कळणार?

मला एवढ्यात क्षमा करू नका. पत्रांचं गाठोडं माळ्यावरून काढलं आहे. आज तिन्हीसांजेचा दिवा लावला की मनूला आणि तिच्या आईला समोर बसवून सगळी पत्रं वाचणार, एकही शब्द न गाळता. ती ओळही, आणि ती मी का लपवली तेही. मग मनूने माझ्याशी बोलणं टाकलं तरी चालेल. ती जायचं ठरवो की राहायचं, ते तिच्यावर. गेली, तर वाटेल त्या दिवशी परत ये, कारण विचारणार नाही, हे मी तिला आधीच सांगीन. तिला ते मागावं लागणार नाही. देवासमोर जे बोलता आलं नाही, ते तुम्हाला वचन म्हणून देतो.

तुमचा अपराधी पुतण्या,
बाळू