डब्याला लावलेलं तूप

भामा,

तेलंगण वेगळं झालं, तेव्हाही मी इतका संतापलो नव्हतो! माझ्या नातीला, मैथिलीला, दुधाचं काहीच चालत नाही. गेल्या वाढदिवसाला पेढा चाखून तिचा श्वास कोंडला, तेव्हा तू इथेच हैदराबादला, चिक्कडपल्लीत होतीस. यंदा आपल्या शाळेतल्या कविता गुणगुणत मी नारळाच्या दुधात केकचं पीठ फेटलं, आणि तू केकच्या डब्याला गुपचूप तूप चोळलंस? वर म्हणालीस, "दादा, तूप म्हणजे दूध थोडंच? शुभकार्यात कोरडा डबा कसा ठेवायचा?"

तो केक मी फेकला, तर तूच रुसून नांदेडला निघालीस!

दुसरा केक मधोमध खचला. तरी पोरीने पहिल्यांदाच स्वतःच्या वाढदिवसाचा केक खाल्ला. मग एक तुकडा झाकून ठेवत म्हणाली, "हा भामाआजीचा."

आता हे पत्र टपालात कसं टाकू?

अजूनही चिडलेला,
दादा